मागच्या टायरची फिर्याद

मित्रांनो, मी एक टायर आहे. सायकलचा, त्यातही मागच्या चाकाचा. मला जुना म्हणा, झिजलेला म्हणा, वाईट वाटणार नाही. पण दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावात अख्ख्या आळीनं मला बोगस म्हटलं, डुप्लिकेट म्हटलं, एका शेजारणीनं तर पनवती म्हणून माझ्याकडे बोट दाखवलं. मला तोंड नाही म्हणून मी ते सगळं ऐकून घेतलं. आज मात्र मी बोलणार आहे, आणि माझा आवाज चढला तर चढू द्या.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. आत सुताचे थर, वर काळं रबर, दोन्ही कडांना पोलादी तार, आणि मग तापलेला साचा. त्या साच्यातून जो बाहेर येतो तो उन्हाला भितो, असं ज्यांना वाटतं त्यांना मी कोपरापासून नमस्कार करतो. तिथून मी दोंडाईच्यात मोहनलाल शेठच्या दुकानात आलो आणि खुंटीला लटकलो. एक दिवस झुलाल आबा आपल्या नातीला घेऊन आले. शेठनं मला खाली काढलं, कडा चेपून दाखवल्या आणि बजावलं, "आबा, माल कडक आहे. हवाही कडक ठेवायची. बसका चालवला तर मात्र महिन्यात चिंध्या होतील."

"हां, हां," आबा म्हणाले. ऐकलं या कानानं आणि सोडलं त्या कानानं.

नातीचं नाव हर्षाली. बारावी झालेली, उंच, काटक, पोलीस भरतीची तयारी करणारी. तिचा बाप सुरतेला कापडाच्या कारखान्यात. तो सणाला येतो, एरवी फोनवर असतो. घरात आजोबा झुलाल आबा, आई बेबाबाई आणि ही पोरगी. रोज पहाटे उठायचं, सायकल काढायची, दोंडाईच्याच्या मैदानावर पळायचं, गोळा फेकायचा, मग अभ्यासिकेत बसायचं आणि दुपारी घरी यायचं, हा तिचा नेम. जाता-येता तिला मीच न्यायचो. पुढचा टायर नुसता मिरवतो, मित्रांनो. वळायचं काम त्याचं, ओझं ओढायचं माझं. हर्षाली, तिचं दप्तर, बूट, पाण्याची बाटली, कधी येताना आईनं सांगितलेली पिठाची गोणी, सगळं माझ्या पाठीवर. मी कधी कुरकुर केली नाही.

पोरगीही गुणाची होती. बाभळीच्या रस्त्यावरून आली की खाली बसून माझ्यातले काटे नखानं काढायची. "शाब्बास रे पठ्ठ्या," असं म्हणून थोपटायची. गावात हसणारे कमी नव्हते. "काय वं, हवालदारीनबाई, शिट्टी लिधी का?" असं कट्ट्यावरून ओरडायचे. ती मान वर करून पुढे जायची आणि मी तिच्यासाठी जोरात पळायचो.

तिच्या या जाण्यामागे घरात सगळ्यात मोठा आधार होता तो आबांचा. हे मी कबूल करतो, कारण मी रागावलो असलो तरी खोटारडा नाही. बेबाबाईला धास्ती होती. अंधारात पोर निघते, रस्ता निर्मनुष्य, गावाची तोंडं वाईट. ती म्हणायची, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणानंतर एखादं स्थळ बघू. त्यावर आबा ओट्यावरून म्हणायचे, "पोर काय घरमा बठी राही का? वर्दी घाली ती, वर्दी!"

हे ते बेबाबाईला म्हणायचे, पण बेबाबाईशी बोलायचे नाहीत. आमच्याकडे सासरा सुनेशी थेट बोलत नाही, आणि सून डोक्यावरचा पदर पुढे ओढून सासऱ्याच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही. दोघं दोन हातांवर असली तरी मध्ये हर्षाली लागायची. आबा म्हणायचे, "मायले सांग, भाकर वाढ." आतून उत्तर यायचं, "आबास्ले सांग, तव्यावर शे." हर्षालीनं काही सांगायची गरजच नसायची, ऐकू सगळ्यांनाच जायचं. तरी रीत म्हणजे रीत. बेबाबाई या घरात सून होऊन आली तेव्हापासून हे असंच चाललं होतं.

मग उन्हाळा आला. आमच्या खानदेशचा उन्हाळा तुम्हाला माहीत असेल तर मी काय सांगू, आणि माहीत नसेल तर सांगून कळणार नाही. दुपारी शिवारात वाळत घातलेल्या लाल मिरच्यांवरून वारा यायचा तो नाकात झोंबायचा. डांबर मऊ व्हायचं. माझी त्याबद्दल तक्रार नाही. मी रबर आहे, तापणं माझ्या रक्तात आहे. माझी तक्रार वेगळी आहे.

रोज सकाळी हर्षाली घरून निघाली की मी बसका असायचो. पूर्ण बसलेला नाही, पण जितका ताठ हवा तितका नाही. तिचं वजन पडलं की माझ्या कुशी दुमडायच्या आणि रिंग मला वरून चावायची. घरी पंप नव्हता, म्हणून असाच मी दोंडाईच्यापर्यंत रखडत जायचो. तिथे मैदानाच्या कोपऱ्यावर अमीनभाईंचं पंक्चरचं दुकान. अमीनभाई पंप मारून द्यायचे, मी पुन्हा ताठ व्हायचो, दुपारी दिमाखात घरी यायचो. आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा बसका.

"अमीनचाचा, बारीक पंक्चर असेल," हर्षाली म्हणाली.

अमीनभाईंनी ट्यूब बाहेर काढली, पाण्याच्या घमेल्यात इंच न् इंच बुडवून पाहिली. एक बुडबुडा निघेल तर शपथ! "बेटा, पंक्चर नही. हवा कोई निकाल रहा है," ते म्हणाले. मग मराठीत समजावलं, "तुझ्या गावात कोणीतरी मुद्दाम काढतंय."

हर्षालीनं घरी येऊन हे सांगितलं आणि चुलीजवळ बसलेली बेबाबाई पांढरी पडली. तुम्ही विचार करा, मित्रांनो. तरण्या पोरीच्या सायकलची हवा गावातलं कोणीतरी रोज काढतंय. का काढतंय? तिनं अर्ध्या वाटेत अडकावं म्हणून? आईच्या मनात काय काय आलं असेल ते तुम्ही ओळखा. ती तशीच उठली, दारात उभी राहिली आणि कट्ट्यावर बसणाऱ्या पोरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पोरांपैकी अभिमन नावाचा एक जण रडकुंडीला येऊन म्हणाला, "काकू, मायनी शप्पथ, मी हात बी नही लावा." कोण ऐकतंय!

आबा तर पेटूनच उठले. "कोन शे तो? हात तोडी टाकसू त्याना!" असं म्हणून त्यांनी काठी आपटली. आणि त्या दिवसापासून सायकल अंगणातल्या निंबाखाली, स्वतःच्या खाटेला लागून उभी करायला लावली. पहारा! माझ्यावर! झुलाल आबांचा!

इथे मला बोंब मारावीशी वाटली. मला तोंड असतं तर दोंडाईच्याच्या स्टेशनापर्यंत आवाज गेला असता. कारण हवा काढणारा हात मला चांगला ठाऊक होता. त्याच्या अंगठ्याला तंबाखूचा वास येत होता.

हो, तेच! झुलाल आबा! हर्षाली दुपारी येऊन जेवायला आत गेली की आबा आधी उठून माझ्यापाशी यायचे, आता खाटेवरूनच वाकायचे आणि मला अंगठ्यानं दाबायचे. मी ताठ लागलो की च्च च्च करायचे आणि व्हॉल्वचं नट जरा ढिलं करायचे. फुस्स! पुन्हा दाबायचे. अंगठा आत रुतायला लागला की समाधानानं नट आवळायचे आणि माझ्यावरून हात फिरवायचे. वर पुटपुटायचे, "उन्हायामा हवा फुगस. थोडी काढी टाकनी, मंग फुटत नही. पोर मनी पडी नको जावो."

ऐकलंत? पोर पडू नये म्हणून! तरुणपणी भर वैशाखात आबांच्या सायकलचा टायर फुटला होता आणि कापसाच्या गाठोड्यासकट ते पालथे पडले होते. पाय तेव्हापासून अधू. ती धास्ती त्यांच्या मनातून गेलीच नाही. आता गंमत बघा. गावात जो हवा काढतो त्या हरामखोराला शिव्या देताना आबांच्या मनात हे यायचंच नाही की आपणही हवा काढतो. कारण त्यांच्या लेखी ते हवा काढतच नव्हते. उन्हानं वाढलेली तेवढी कमी करत होते! काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! एका हातात काठी घेऊन चोराची वाट बघायची आणि दुसऱ्या हातानं नट ढिलं करायचं. मी संतापानं आतल्या आत फुगलो असतो, पण फुगायला हवा कुठे होती?

असे आठवडे गेले. माझ्या दोन्ही कुशींना भेगा पडल्या. आतलं सूत एकेक धागा करत तुटू लागलं. माझी नक्षी, जी रस्त्याला धरून ठेवते, ती अजून चांगली शाबूत होती. मी घासून संपलो असतो तर मला अभिमान वाटला असता. टायरचं मरण तसंच यावं. पण माझं कंबरडं मोडलं ते रोजच्या दुमडण्यानं.

शेवटी व्हायचं ते झालं. दुपारची वेळ, सावलीला झाड नाही, हर्षाली घराकडे निघालेली. अमीनभाईंनी नेहमीप्रमाणे मला पुरती हवा दिलेली. ती हवा पेलायला माझ्या कुशीत ताकद उरली नव्हती. मी जीव खाऊन धरून ठेवलं, खरंच ठेवलं. मग माझी डावी बाजू उसवली, ट्यूब बाहेर आली आणि धाडकन आवाज झाला. सायकल आडवी गेली. हर्षाली खडीवर पडली, तिचं कोपर आणि गुडघा सोलून निघाला. उजवा हात. ज्यानं ती गोळा फेकते, तोच.

ती रडली नाही. उठली, मला पाहिलं, आणि म्हणाली, "आता माय जाऊ देणार नाही." आपल्या रक्ताकडे तिनं नंतर पाहिलं. सायकल ढकलत ती त्या उन्हात गावापर्यंत चालत आली.

बेबाबाईनं पोरीला पाहिलं आणि तिच्या तोंडून "माय वं!" एवढंच निघालं. तिनं जखमा धुतल्या, हळद लावली, आणि मग सायकलला साखळी घालून कुलूप ठोकलं. चावी कमरेला खोचली. "बस झालं. आता जानं बंद. आखाजीला तुझ्या मामाला सांगते, तो एक स्थळ म्हणत होता."  हर्षाली आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. मला ते बघवलं नाही.

आणि आबा? आबांचा सगळा संताप कुणावर निघाला असेल? बरोबर, माझ्यावर! "बोगस टायर शे हाऊ! आनि तो अमीन, उन्हायामा ठासीठासी हवा भरस!" वड्याचं तेल वांग्यावर काढावं तर असं. त्यांचं ऐकून अख्खी आळीही तेच म्हणू लागली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला रिंगेवरून उतरवून घेतलं, खांद्याला अडकवलं आणि लंगडत जाऊन दोंडाईच्याची काळीपिवळी जीप पकडली. मी त्यांच्या गळ्यात हारासारखा लोंबत होतो. हवा काढणारा, आणि त्याच्याच गळ्यात मी!

पंक्चरच्या दुकानात शिरताच आबांनी मला अमीनभाईंच्या पुढ्यात आदळलं. "तुन्यामुये पोर पडनी! किती हवा भरस रे?"

अमीनभाईही काही गरीब स्वभावाचे नव्हेत. "आबा, तोंड सांभाळा. हवा मी या बाजारात पोर होतो तेव्हापासून भरतोय," ते तडकून म्हणाले. त्यांनी मला उचललं, उलटं केलं आणि माझ्या पोटातली बाजू उन्हात धरली. "हे बघा. वरची नक्षी नवी आहे. आणि इथे कडेनं, गोल, दोन्ही बाजूंना सूत तुटलंय. जास्त हवेनं असं होत नाही. कमी हवेवर चालवलं की होतं. मी रोज भरतो, तुमच्या गावात रोज कोणीतरी काढतं. त्याला धरा, मला काय धरता?"

"मी सोता पहारा देस!" आबा गरजले.

"मग पहारा कच्चा आहे."

 माझ्या भेगांवरून आबांनी अंगठा फिरवला. तोच अंगठा. बराच वेळ फिरवत राहिले. मग हळूच, चोरासारखं, विचारलं, "आनि... थोडीशीच काढी ते? उन्हानी जितली फुगी, तितलीच?"

अमीनभाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. सगळं त्यांच्या ध्यानात आलं. "या अल्ला! आबा, तुम्ही?"

आबा खालच्या फळीवर बसले. अमीनभाईंनी त्यांना पाणी दिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मी कोणाला सांगणार नाही. टायरच खराब निघाला म्हणा घरी. गोष्ट मिटेल."

मित्रांनो, माझ्या सुताचा उरलासुरला धागाही तेव्हा ताणला गेला. मिटेल? कशी मिटेल? टायर बदनाम होईल ते जाऊ द्या, मी मेलेलाच. पण पोरीच्या मागावर कोणीतरी आहे, ही आईची भीती तशीच राहील. कुलूप तसंच राहील. स्थळ येईल. आणि हे सगळं कशासाठी, तर एका म्हाताऱ्याला आपल्या सुनेपुढे मान खाली घालायला नको म्हणून! परतताना आबांनी बाजारातून नवा टायर-ट्यूब आणि एक पंप घेतला. मी त्यांच्या खांद्यावर आणि नवा टायर हातात, आणि मला काही केल्या कळेना की हा माणूस घरी जाऊन काय सांगणार आहे.

घरी आले. ओट्यावर बसले. आत बेबाबाई कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या भाकरी थापत होती. हर्षाली तशीच भिंतीकडे तोंड करून.

"हर्षे," आबांनी हाक मारली. "मायले सांग..."

हर्षाली हलली नाही. आज तिला कोणाचा निरोप पोचवायचा नव्हता.

"हर्षे, मायले सांग ना वं."

 भाकरी थापण्याचा आवाज तेवढा येत होता. आबा उठले. काठी तिथेच सोडून, भिंतीला धरत, ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेले. मी त्यांच्या खांद्यावरच होतो, म्हणून सगळं मला दिसलं.

"बेबा," ते म्हणाले.

भाकरीचा आवाज थांबला. त्या घरात त्यांनी तिला नावानं हाक मारलेली कोणी ऐकली नव्हती. तिनं पिठाच्या हातानं पदर पुढे ओढला आणि पाठ फिरवली.

"हवा मी काढस. रोज. कोनी पोऱ्या नही, कोनी चोर नही. मीच. माले वाटे, उन्हानं टायर फुटी जाई आनि पोर पडी जाई."  "मीच पाडी तिले, बेबा."

तव्यावरची भाकरी करपायला लागली. बेबाबाई गर्रकन वळली. पदर डोक्यावरून घसरला, आणि तिला तो सावरायची शुद्ध राहिली नाही. "तुम्ही?" ती थेट त्यांच्या तोंडाकडे बघून ओरडली. "तुम्ही काढतस? आनि मी बठ्ठा गावले बोल लावा! त्या अभिमनले रडावं! रातभर माले झोप नही, पोरीना मांगे कोन लागेल शे म्हनीसन! तिनं जानं बंद करी टाकं मी, आबा! तिनं आयुष्य कुलूपमा घालं!"

आबा मान खाली घालून उभे. आत भिंतीकडे तोंड करून पडलेली हर्षाली उठून बसली होती.

बेबाबाईला मग रडू फुटलं, आणि रडता रडता तिनं कमरेची चावी काढून आबांच्या हातावर आपटली. "घ्या! तुमना हातेच उघडा. आनि आजपासून पंप बी तुम्हीच मारा."

आबांनी चावी मुठीत धरली. ते कुलूप उघडायला वाकले, तशी हर्षालीनं बाहेर येऊन साखळी धरली. नवा टायर चढवायलाही तीच बसली, सोललेल्या कोपरानं. रात्री बापाचा सुरतेहून फोन आला तेव्हा बेबाबाई त्याला म्हणाली, "ती सकाळी जाई राहिनी. तुम्ही मधमा बोलू नका." अभिमनच्या घरी ती स्वतः जाऊन आली.

सगळ्यांनी सगळ्यांची समजूत घातली, मित्रांनो. माझी कोणी घातली? मला उचलून गोठ्याच्या पत्र्यावर फेकलं, वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून. ठीक आहे, तेही काम मी चोख करतो. पण पहाटे हर्षाली निघते तेव्हा वरून मला ती दिसते, आणि मग राग थोडा उतरतो.

थोडाच उतरतो, कारण मला माहीत आहे, माझ्यासारखे टायर गावोगाव आहेत. म्हणून तुम्हाला हात जोडून नव्हे, दरडावून सांगतो. आठवड्यातून एकदा अंगठा लावून बघा, टायर दगडासारखा लागला पाहिजे. उन्हाळ्यातही. कुशीला भेग दिसली की त्याला आराम द्या, फुटेपर्यंत पिळू नका. एखादी गोष्ट रोज रोज बिघडत असेल तर तिला शिव्या देण्याआधी घरातल्या सगळ्यांना विचारा, माया करणाऱ्यांना सगळ्यात आधी. आणि वाटेत सायकल बंद पडली, पोरगी उशिरा आली, पडली, रक्ताळली, तर तिच्या जखमा धुवा आणि दुकान गाठा. टायर फुटला की टायर बदलतात रे बाबांनो, पोरीचं जाणं बंद करत नाहीत!